नास रेटिंगची हमी देणारे वाशीतले ‘पब्लिकेशन सपोर्ट’वाले

कृषीविद्येत पीएच.डी. करणारे, किंवा नुकतीच संपवून भरतीच्या जाहिराती बघत बसलेले जे कोणी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात आहेत, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज कधी ना कधी येतोच: ‘नास रेटेड, स्कोपस इंडेक्स्ड जर्नलमध्ये पेपर लावून देतो. अ‍ॅक्सेप्टन्स आठवड्यात. खात्रीशीर.’ (नास म्हणजे राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी, ती जर्नलांना गुण देते; स्कोपस म्हणजे जर्नलांची जागतिक सूची.) मलाही तो मेसेज आला. पुढे काय घडलं ते सविस्तर लिहिते, कारण या मंडळींचा सापळा आपल्याच विषयाच्या मापाचा शिवलेला आहे. इंजिनिअरिंगवाल्याला ते वेगळं सांगतात, आपल्याला वेगळं.

मी कोपरखैरणे गावची. सिडको यायच्या आधी आमची खाचरं खाडीला लागून होती आणि आजोबा त्यात खारं भात लावायचे. म्हणून प्रबंधालाही खार जमीनच घेतली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेला पनवेल-३ आणि सोबत आणखी दोन वाण, नत्राच्या वेगवेगळ्या मात्रा, स्प्लिट प्लॉट (मोठ्या वाफ्यांत एक घटक, त्यांच्याच पोटवाफ्यांत दुसरा, अशी मांडणी), दोन खरीप हंगाम. ज्यांनी शेतावरचा प्रयोग केलाय त्यांना माहीत आहे की यात घाई नावाची गोष्ट नसते. प्रयोगशाळेतलं काम बिघडलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतं. लावणीनंतर उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं, तर तुमचं वर्ष गेलं.

एवढं करून पेपर तयार झाला, आणि तो लागेना. हे सांगणं गरजेचं आहे, कारण या लोकांचं दुकान याच फटीत चालतं. फील्ड क्रॉप्स रिसर्चसारखी जर्नल्स एका हंगामाच्या, एका ठिकाणच्या प्रयोगाला सहसा उभंच करत नाहीत. दोन हंगाम असले तरी ‘उत्पादन वाढलं’ एवढ्यावर भागत नाही, का वाढलं ते विचारतात. आपले बहुतेक प्रबंध अमुक वाणाला, अमुक तालुक्यात, अमुक किलो नत्र या साच्यातले. शेतकऱ्याला त्याचा उपयोग असतो, पण बाहेरचा संपादक ‘स्थानिक महत्त्वाचे’ म्हणून परत पाठवतो. सध्या चलती आहे ती भातखाचरातल्या मिथेनची, पेरभाताची, ड्रोनने टिपलेल्या प्रतिमांची, मशीन लर्निंगने काढलेल्या उत्पादनाच्या अंदाजाची. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले, डीआरआर धान १०० म्हणजे ‘कमला’, आणि पुसा डीएसटी राईस १. दुसरा तर क्षार आणि दुष्काळ सोसणाराच. त्यानंतर माझ्यासारखीचं ‘नत्राच्या चार मात्रा’ कोण वाचणार, अशी धास्ती मनात होतीच.

देशी जर्नल्स चांगली आहेत. इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रॉनॉमी आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्सेस आहे. पण तिथे रांग लांब आणि भरतीची तारीख जवळ. अनेक कृषी संस्थांच्या गुणांकनात पेपरचे गुण जर्नलच्या नास रेटिंगवर ठरतात. ज्या जर्नलला क्लॅरिव्हेट कंपनीचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखांना मिळालेल्या उल्लेखांवरून काढलेला आकडा, आहे त्याचं रेटिंग सहाच्या वर जातं, बाकीची सहाच्या आत. त्यामुळे मुलं जर्नलचं नाव नंतर विचारतात, ‘नास किती?’ हे आधी.

वाशी स्टेशनजवळच्या एका व्यापारी संकुलात त्यांचं ऑफिस होतं. काचेचं दार, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं, टेबलावर नासच्या यादीची छापील प्रत. समोरचे गृहस्थ अस्खलित मराठी बोलणारे; मी त्यांना सर म्हणत होते, ते मला मॅडम. ‘मॅडम, मी पण राहुरी कृषी विद्यापीठाचाच,’ असं म्हणाले आणि तिथल्या हॉस्टेलची मेसही वर्णन करून सांगितली. खरं होतं की नाही देव जाणे. पण स्प्लिट प्लॉट म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, जर्नलांचे नासचे क्रमांक तोंडपाठ होते. यादी उघडून त्यांनी एका जुन्या जर्नलच्या नावावर बोट ठेवलं. यादी खरी, जर्नल खरं, रेटिंगही खरं. वर एक सल्ला फुकट दिला: ‘टायटलमध्ये क्लायमेट रेझिलियंट घाला, जमलं तर मशीन लर्निंग. सध्या तेच चालतं.’ मी म्हटलं, मशीन लर्निंग यात कुठेच नाही. ते हसले.

खोटी होती ती फक्त वेबसाइट. त्यांनी पाठवलेल्या लिंकवर तेच नाव, तोच आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक), तेच मुखपृष्ठ, संपादक मंडळातली खरी नावं, सगळं उचलून ठेवलेलं. अशा जर्नलला हायजॅक्ड म्हणतात, आणि हे प्रकरण जगभर इतकं वाढलंय की संशोधनातले गैरप्रकार टिपणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाने २०२२ पासून अशा नकली साइटींची स्वतंत्र यादीच ठेवली आहे. भुक्कड जर्नल ओळखायला आपण शिकलोय; नाव बघितलं की वास येतो. इथे नावाला वास नव्हता, कारण नाव चोरीचं होतं. आयएसएसएन तपासला तर तोही बरोबरच निघणार. शिवाय आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही, हे अजूनही कित्येक प्राध्यापकांना सांगावं लागतं.

पैसे टप्प्याटप्प्याने मागितले. आधी प्रोसेसिंगचे अठरा हजार. मग भाषा सुधारण्याचे साडेसात. मग डीओआयचे, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकाचे, चार. प्रत्येक वेळी रक्कम अशी की आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस देऊन टाकतो. खातं जर्नलच्या किंवा कुठल्या सोसायटीच्या नावावर नव्हतं, कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं होतं. विचारल्यावर उत्तर तयार: ‘फॉरेन पेमेंटला जीएसटी बसतो मॅडम, म्हणून आमच्यामार्फत.’

रिव्ह्यू आठवडा उलटायच्या आत आला. आपल्या विषयात परीक्षक मिळायलाच महिनोन्महिने जातात. पहिल्या परीक्षकाने इंग्रजी सुधारा म्हटलं. दुसऱ्याने लिहिलं होतं की सहभागी व्यक्तींची लेखी संमती आणि नैतिक समितीची परवानगी जोडा. माझ्या पेपरात सहभागी होत्या त्या भाताच्या चुडा. ऑफिसला फोन केला तर म्हणाले, तो कॉमन फॉरमॅट असतो, ‘नॉट अ‍ॅप्लिकेबल’ लिहा. लिहिलं. अ‍ॅक्सेप्टन्स आला, पाठोपाठ सोनेरी शिक्क्याचं ‘सर्टिफिकेट ऑफ पब्लिकेशन’ आलं. नावाजलेल्या जर्नलमध्ये पेपर लागला की लेखकाला पेपर मिळतो. शिक्क्याचं प्रमाणपत्र कोण कशाला देईल?

बिंग फुटलं ते एका कृषी महाविद्यालयाच्या मुलाखतीत, कागदपत्रं तपासताना. छाननीला बसलेल्या बाईंनी माझी लिंक उघडलीच नाही. नासच्या यादीवरून जर्नलच्या मूळ साइटवर गेल्या, तोच खंड, तोच अंक उघडला, आणि माझ्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा तुरीवरचा पेपर निघाला. मग माझा डीओआय डीओआय डॉट ऑर्गवर टाकला. असा क्रमांक अस्तित्वातच नाही असं उत्तर आलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘या महिन्यात अशी तुम्ही पहिली नाही.’ पेपरचे गुण शून्य झाले.

घरी येऊन नकली साइटवरची माझी प्रत पहिल्यांदा ओळ न ओळ वाचली. शीर्षकात मशीन लर्निंग घुसवलेलं. लेखकांत मी पहिली, गाइड शेवटचे, आणि मध्ये दोन अनोळखी नावं, दोन्ही परराज्यातली, दोघांपुढे ‘डॉ.’. म्हणजे माझ्याकडून पेपर लावण्याचे पैसे, आणि माझ्याच पेपरातल्या जागा विकून त्यांच्याकडून वेगळे. पत्रव्यवहाराच्या ठिकाणी माझा ईमेल काढून त्यांचा टाकलेला. गाइड सरांचा आवाज त्या दिवशी मी प्रथमच चढलेला ऐकला. त्यांचं नाव आता एका अशा शीर्षकाखाली होतं ज्याबद्दल कुणी विचारलं तर त्यांना तोंड लपवावं लागलं असतं.

पेपर काढून टाका म्हणून लिहिलं, तर ‘विड्रॉअल फी’ मागितली. भरली नाही. पैशांपेक्षा मोठा घोळ पुढे आहे, तोच सहसा कुणी सांगत नाही. कुठलंही खरं जर्नल पेपर घेताना, हा मजकूर अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही, असं लिहून घेतं. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की नकली साइट वर येते आणि जवळजवळ सगळा पेपर चोरीचा दिसतो, माझ्याच कामाची मी चोर. दोन खरिपांचा डेटा अडकतो तो असा. गाइड सरांनी मूळ जर्नलच्या संपादकांना सगळे पुरावे जोडून लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं: अशा तक्रारी त्यांच्याकडे साठल्या होत्या, मूळ साइटवर सावधानतेची सूचना लावली, आणि घडलेलं सगळं पहिल्या पत्रात उघड करून पेपर नव्याने पाठवला तर परीक्षणाला घेऊ म्हणाले. तसा पाठवला आहे. शीर्षक जुनंच, नत्राच्या मात्रांचं.

याला फक्त दोन-चार भामटे जबाबदार आहेत असं मला वाटत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेले उल्लेख, भागिले त्या लेखांची संख्या. ग्रंथालयांनी कुठलं जर्नल विकत घ्यावं यासाठी ते उपयोगी साधन होतं, माणसाची किंमत करायला नव्हे. कृषीविद्येत तर उल्लेख यायलाच वर्षं लागतात. तरी आपण त्याच आकड्यावर नोकऱ्या टांगल्या, मग आकडा विकणारे येणारच. यूजीसीने स्वतःच्या मान्यताप्राप्त यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नल्स काढली, २०१९ मध्ये केअर यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. तरीही आज ‘यूजीसी केअर’ची हमी देत लोक फिरतात, बंद झालेल्या यादीची हमी ऐकली की तिथेच फोन ठेवा. जर्नल्स छापणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश काढला, आणि आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या दुकानांवर त्याचा ओरखडाही उमटला नाही.

आता मी ओळखीच्या सगळ्यांना एकच सवय लावते आहे: जर्नलचा पत्ता कुणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा गुगलवरून घ्यायचा नाही. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट आणि स्कोपसची सोर्स यादी दोन्ही फुकट बघता येतात. तिथून प्रकाशकाचं नाव घ्यायचं आणि प्रकाशकाच्या साइटवरून आत शिरायचं. मागच्या अंकातले कुठलेही दोन पेपर उचलून त्यांचे डीओआय टाकून बघायचे. डोमेन कधी नोंदवलं तेही फुकट कळतं. जर्नल पन्नास वर्षांचं आणि साइटचं डोमेन गेल्या वर्षीचं असेल तर आणखी काय पाहायचं? आणि साध्या, चोख वाटणाऱ्या लोकांनाही एक विचारा: छापून आलेल्या लेखकांपैकी कुणाचा नंबर देता का? वाशीच्या सरांना मी हे नंतर विचारलं, तेव्हा ‘प्रायव्हसी’ आडवी आली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर, मग पोलीस ठाण्यात अर्ज. तिथल्या हवालदारसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम बँकेतच अडवता येते, महिने गेल्यावर खात्यात काही उरत नाही. पहिला प्रश्न तर हा होता: ‘ऑफिस होतं, पावती दिली, पेपर पण छापला, मग फसवणूक कसली?’ जर्नलची नक्कल म्हणजे काय हे समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी मूळ संपादकांचं पत्र पुढे ठेवलं तेव्हा अर्ज घेतला. तेव्हा मूळ जर्नलचं पत्र आधी मिळवा आणि मगच ठाण्यात जा.

अलीकडे मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत तावातावाने विचारत होता की पेपर स्कोपसवर का दिसत नाही, मी कुठे तक्रार करू. तो माझा तिसरा लेखक निघाला. बढतीसाठी त्याने एका जागेचे माझ्या एकूण खर्चापेक्षा जास्त पैसे भरले होते, आणि मी त्या टोळीतलीच बाई आहे असा त्याचा समज होता. तासभर बोलणं झालं. माझ्या कष्टाच्या कामात फुकट नाव लावून घेणाऱ्या त्या माणसाबद्दल मला कणव वाटली नाही, अजूनही वाटत नाही. पण त्याने पैसे पाठवलेल्या खात्याचं नाव विचारलं तर तेच ‘एंटरप्रायझेस’. त्याची पावती मागून घेतली आणि माझ्या अर्जाला जोडली. वाशीच्या त्या गाळ्यावर आता परदेशी शिक्षणाच्या सल्ल्याची पाटी आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र जुनाच मेसेज नव्या नावाने फिरतोय. तुमच्याकडेही त्या खात्यावर भरलेल्या पैशांची पावती असेल तर ती घेऊन तुमच्या जवळच्या ठाण्यात अर्ज द्या. एकाच खात्यावर तीन-चार अर्ज आले तर तपास हलेल, असं त्या हवालदारसाहेबांनीच सांगितलं आहे.