लाल मातीवरचं लॉन कार्पेट काळ्या जमिनीत टिकतं का?

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यातल्या रोपवाटिकांमध्ये तयार लॉन कार्पेट, म्हणजे मातीसकट कापून गुंडाळलेलं गवत, घ्यायला जाणारे बहुतेक जण सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन मागतात. सिलेक्शन वन ही आपल्या हरळीचीच बारीक पानांची निवड. ती तुडवलेली सोसते आणि झपाट्याने भरते, पण झाडाखाली विरळ होत जाते. मेक्सिकन गादीसारखं मऊ, मात्र वाढ मंद. एकदा टक्कल पडलं की बुजायला महिने लागतात. मुलं खेळणार असतील तर सिलेक्शन वनच घ्यावं.

गवताबद्दल तक्रार नाही. अडचण आहे ती मुळांना चिकटून येणाऱ्या दोन-तीन सेंटिमीटर लाल मातीची. काळ्या जमिनीवर हा गालिचा नुसता अंथरला की दोन मातींमध्ये सांधा तयार होतो. पावसाळ्यात लाल मातीतून पाणी भरभर उतरतं आणि खालच्या चिकणमातीवर अडतं, मुळं कुजतात. मे महिन्यात उलट: वरचा थर दुपारपर्यंत कोरडा, खाली ओल शिल्लक, पण मूळ तिथवर पोचलेलंच नसतं. वर्षभराने एक कोपरा उचलून पाहा. गवत चटईसारखं सुटून हातात आलं आणि मुळं सांध्यापाशीच आडवी पसरलेली दिसली, तर दोष ना खताचा ना जातीचा. (अशी चटई हुमणीमुळेही सुटते, पण तेव्हा मुळं कुरतडलेली असतात आणि खाली इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या सापडतात.)

म्हणून जमिनीची तयारी एप्रिल-मेमध्येच उरका. आधी बांधकामाचा राडारोडा काढा. वाफसा असताना (माती ओलसर, पण हाताला चिकटत नाही तेव्हा) सहा इंच खणा, दोन इंच पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक इंच लाल माती त्यात नीट मिसळा. 1000 चौरस फुटांना खत साधारण पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आणि माती पाऊण ब्रासच्या थोडी वर लागते. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणी आणि तणाचं बी आपणच विकत आणतो. ‘निचऱ्यासाठी थोडी वाळू टाका’ हा सल्ला ऐकू नका: काळ्या मातीत थोडी वाळू म्हणजे विटेचा मसाला. जिप्समही चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीलाच उपयोगी, नुसत्या चुनखडीच्या जमिनीत पैसे वाया. त्यापेक्षा 100 फुटांना एक ते दोन फूट उतार द्या. कार्पेट पहिल्या पावसानंतर बसवा. डिसेंबर-जानेवारीत बसवलं तर मूळ धरायला फार वेळ घेतं.

माल उतरवताना गुंडाळीत हात घाला. आत गरम लागलं तर परत पाठवा. कडेला तिकोनी देठाचे कोंब दिसले तर तो लव्हाळा. तोही नको, कारण त्याच्या गाठी जमिनीत गेल्यावर उपटून संपत नाहीत.

सोबत मिळणारा ‘रोज सकाळ-संध्याकाळ पाणी’ हा सल्ला पहिल्या दोन आठवड्यांपुरताच खरा. पुढेही तेच चालू ठेवलं की मूळ वरच राहतं आणि बुरशी येते. मे महिन्यात दिवसाला सुमारे 5 मिलिमीटर पाणी धरा, म्हणजे 1000 चौरस फुटांना 465 लिटर. ते रोज न देता तिसऱ्या दिवशी एकदम 1400 लिटर द्या, पण तासाभराच्या अंतराने दोन-तीन पाळ्यांत; काळी माती पाणी सावकाश पिते, घाई केली तर ते गटारात जातं. स्क्रूड्रायव्हर चार इंच सहज घुसला तर त्या दिवशी पाणी नको.

चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसू लागल्या की लोक युरिया टाकतात. कमतरता लोहाची असते. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी फवारा. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग जात नाहीत. नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट बरं: 1000 चौरस फुटांना 2 किलो, कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी.

कोकणातल्या जांभ्यावर हे गणित उलटतं. निचरा मुळातच चांगला, माती आम्ल, धो धो पावसात नत्र वाहून जातं. तिथे खत थोडं-थोडं आणि वारंवार, आणि माती तपासून गरज निघाली तरच चुना. नारळ-आंब्याच्या सावलीत सिलेक्शन वनचा हट्ट सोडून रुंद पानांचं बफेलो लावा.

कार्पेटला 5 पैकी 4, सोबतच्या सल्ल्याला 1. बसवून देणारा माणूस ‘खाली खणायची गरज नाही’ म्हणाला, तर फक्त माल घ्या आणि मजुरी दुसऱ्याला द्या.