ड्राय सूटमधील वजन: भरलेल्या सिलिंडरवर ठरवावे की ५० बारवर?

ठाण्याच्या उकाड्यात ड्राय सूट, म्हणजे स्कूबा डायव्हिंगमध्ये अंग कोरडे ठेवणारा बंद पोशाख, चढवणे ही शिक्षाच असली, तरी आइसलँडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत डुबकी मारायला जाण्यापूर्वी सोबत बाळगायचे शिशाचे वजन इथल्या तरणतलावातच ठरवावे, कारण पाणी दोन्हीकडे गोडे आहे. भरलेल्या सिलिंडरवरची चाचणी लवकर उरकते. मात्र १२ लिटरच्या सिलिंडरमधील हवेचा दाब २०० बारवरून ५० बारवर येईपर्यंत दोन किलोंहून थोडे अधिक वजन घटते, आणि तेवढे शिसे आधीच वाढवलेले नसेल तर अखेरच्या टप्प्यात माणूस नकळत वर ढकलला जातो. ५० बारवरची चाचणी वेळखाऊ असली तरी मला तीच पटते: आतले जाड कपडे घालून, तरंगण्यासाठी हवा भरायचे जॅकेट रिकामे करून आणि सूटमध्ये ऊब टिकण्यापुरती हवा ठेवून उथळ पाण्यात स्थिर राहता आले पाहिजे. समुद्रात मात्र साहित्यासह १०० किलो भरणाऱ्याला आणखी सुमारे अडीच किलो लागतात.