ऐरोलीची फ्लेमिंगो सफारी: भरती बघून तिकीट काढा

ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीत बसलेला जो तो फ्लेमिंगो बघायला आलेला असतो. बघावेतच. पण मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते चिखलात.

धक्का सुटला की बोट आधी तिवरांमधल्या चिंचोळ्या फाट्यातून जाते. इथे फोन खाली ठेवा. झाडांच्या बुडाशी गाळातून पेन्सिलीसारखी मुळं उभी दिसतात. त्या गाळात हवा खेळत नाही, म्हणून तिवर श्वासासाठी मुळंच वर काढतो. भरतीचं पाणी चढलं की त्याच मुळांच्या जाळीत कोळंबी आणि माशांची पिल्लं दडतात. मोठ्या माशांना तिथे शिरायला वाव नसतो.

आणि निवट्या! आम्ही आगरी माणसं, निवट्यांचं कालवण ओरपतच मोठी झालो. पण जिवंत निवटी नीट न्याहाळायची तर ती इथे. ही मासोळी कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी साठवून बाहेर येते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते आणि पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालते. शेजारी एक नांगी भलीमोठी आणि दुसरी इवलीशी असलेले खेकडे. छोट्या नांगीने चिखल तोंडात घालायचा, खाण्याजोगं तेवढं गाळून घ्यायचं, उरलेल्याची गोळी बाहेर टाकायची. दिवसभर हाच उद्योग.

फ्लेमिंगोही गाळूनच खातात, तेही चोच उलटी धरून. धाकट्या रोहितच्या (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) चोचीतली गाळणी बारीक, त्याला सूक्ष्म शेवाळ पुरतं. थोरला बारीकसारीक कोळंब्या, शिंपले उचलतो. म्हणून एकाच खाडीत दोघांचं निभतं. गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. ही ठाणे खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली.

आता कामाचं. खाडी उथळ, त्यामुळे बोटी भरतीच्या आगेमागेच सुटतात. ऐन भरतीत मात्र चिखल पाण्याखाली जातो आणि बरेचसे पक्षी नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. पाणी उतरायला लागल्यावरची फेरी मिळाली तर तीच घ्या. चिखल उघडा पडतो आणि पक्षी खायला परततात. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास असते, म्हणजे त्या दिवशी परतीला ऊन डोक्यावर. टोपी लागेलच.

दुर्बीण घरूनच न्या, कारण थव्याच्या अंगावर बोट घालायची नसते आणि घालूही नये. आमच्या फेरीत एक काका नावाड्याच्या मागे लागले होते, "अजून जवळ घ्या, पोरांना उडताना दाखवायचेत!" नावाड्याने मानच हलवली नाही. फुकट उडायला लावलं की पक्ष्याचं तेवढं खाणं बुडतं. त्या नावाड्यासाठी माझ्याकडून पाचपैकी पाच तारे.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात फ्लेमिंगो बहुतेक नसतात, निवट्या मात्र असतात.