शाळेत काम पाहिजे पण मास्तरकी नको: टायपिंग करावं, लायब्ररी करावं का विशेष मुलांचा कोर्स?

मागच्या महिन्यात भाचेसुनेचा फोन आला. म्हणाली, मामा, मला शाळेत कायतरी काम करायचंय, बीएड करायला ना वेळ ना पैसा, तर टायपिंग करू का लायब्ररीचा कोर्स करू, का ते विशेष मुलांचं असतंय ते करू? बारावी आर्ट्स झालेली आहे, मुक्त विद्यापीठातून बीए चालूय, दोन लेकरं, गाव तालुक्यापासून आत आणि एसटी दिवसातून तीनदा. मी बीड जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत 24 वर्षं क्लार्क आहे, त्यामुळं असं विचारणारे लई येतात, आणि बहुतेकजण कोर्सची फी भरून झाल्यावर येतात, तेव्हा सांगून काही उपयोग नसतो. म्हणून तिला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहायलोय.

आधी एक गोष्ट. कोर्स कोणता चांगला हे विचारू नका, त्या सर्टिफिकेटवर शिक्का कुणाचा आणि त्या शिक्क्याला धरून शाळेत पद आहे का, हे दोन प्रश्न विचारा. आमच्या भागात तालुक्याच्या गावात दर गल्लीत इन्स्टिट्यूट आहे, बोर्डावर भारत सरकार मान्यताप्राप्त लिहिलेलं असतंय, आणि नेमणुकीचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात गेला की टेबलावरचा माणूस एका मिनिटात सांगतो की हे चालत नाही. हे मी डोळ्यानं पाहिलंय, एका पोराची दोन वर्षं गेली त्यात.

टायपिंग आणि एमएससीआयटी

क्लार्कच्या जागेला टायपिंग लागतं. मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40, शब्द प्रति मिनिट. परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची, जीसीसी टीबीसी म्हणतात तिला, आता सगळं कॉम्प्युटरवर, खटखट करणारी जुनी मशिनं गेली. क्लास साधारण सहा महिन्याचा, त्यात नुसता स्पीड नाही, पत्र टाइप करणं, स्टेटमेंट आखणं हे पण असतंय, आणि पोरं नापास होतात ती बहुतेक स्टेटमेंटमध्ये, स्पीडमध्ये नाही. जोडीला एमएससीआयटी, म्हणजे कॉम्प्युटरचा सुरुवातीचा कोर्स, ती एमकेसीएलची, 2001 पासून चालू आहे, सरकारी निमसरकारी क्लार्कच्या जाहिरातीत ती मागतातच. दोन्ही तालुक्याला होतात, घरून जाऊन येऊन जमतंय, बाईमाणसाला लेकरं सांभाळून करता येतंय, हा फायदा कागदावर दिसत नाही पण खरा मोठा फायदा हाच आहे.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं क्लार्क म्हणजे टीसी लिहिणारा. टीसी, बोनाफाईड, जनरल रजिस्टर हे तर आहेच. त्याशिवाय शालार्थवर, म्हणजे शाळांच्या पगाराच्या सरकारी वेबसाइटवर, पगारबिल, यूडायस प्लसवर शाळेची आणि पोरांची माहिती भरणं, पोरांचे आधार जुळवणं (नावात एक वेलांटी चुकली की पोरगं पटावर दिसत नाही आणि पटावर दिसलं नाही की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला पदं ठरतात त्यात, मास्तर कमी होतो), शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोषण आहाराचा हिशोब. आणि 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं निघालं तेव्हा तर आम्हाला जेवायला वेळ नव्हता. न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, 1967 च्या आधीची सगळी रजिस्टरं काढा म्हणून आदेश आले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुन्या शाळांच्या नोंदी काही उर्दूत, काही मोडीत. वाळवी लागलेली रजिस्टरं आम्ही एकेक पान उलटून बघितली, एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आज्याचं नाव सापडलं तेव्हा तो टेबलाजवळच रडायला लागला. त्या दिवशी मला कळलं की ही नोकरी नुसती कागदं सरकवायची नाही. ज्याला मोडी वाचता येत होती त्याला तेव्हा सगळे शोधत फिरत होते. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, थोड्या दिवसाचे असतात, ज्याला आवड आहे त्यानं जरूर करावे, नोकरीसाठी म्हणून नाही पण ज्या टेबलावर बसणार त्या टेबलाचं काम समजेल.

पगार सातव्या वेतन आयोगात 19,900 पासून सुरू होतो, वर भत्ते. पुढं वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक. जुनी पेन्शन 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना नाही, तिथं एनपीएस, म्हणजे पगारातून कपात होणारी नवी पेन्शन. अडचण एकच, जागा निघत नाहीत. अनुदानित शाळेत जागा भरायची म्हणजे संचमान्यतेत पद पाहिजे, रोस्टर, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याचा तक्ता, तपासलेलं पाहिजे, मग जाहिरात, मग शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ आयडी. यातलं एक जरी राहिलं तर माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी राबतो. पण टायपिंगचं सर्टिफिकेट एका शाळेपुरतं नाही ना, जिल्हा परिषद, नगरपालिका, कोर्ट, महाविद्यालय, सगळीकडं तेच चालतं, आणि इंग्रजी शाळेत ऑफिसला बसायचं असेल तरी उपयोगी पडतं. हाच याचा जीव आहे.

लायब्ररी

यात दोन पायऱ्या आहेत आणि लोक गल्लत करतात. खालची पायरी म्हणजे ग्रंथालय संचालनालयाचा प्रमाणपत्र कोर्स, जिल्हा ग्रंथालय संघामार्फत चालतो, दहावी पास असलं तरी चालतं, मराठीत आहे, फी इतर कोर्सच्या मानानं झेपण्यासारखी. वरची पायरी बीलिब, म्हणजे लायब्ररीची पदवी, त्याला आधी एक पदवी लागते, एक वर्षाचा, विद्यापीठात रेग्युलर करता येतो आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून पण होतो.

खरं सांगायचं तर मला स्वतःला हे काम क्लार्कच्या कामापेक्षा आवडतं. दाखल नोंद करणं, दशांश वर्गीकरणानं पुस्तकं लावणं, दर शनिवारी पोरांना पुस्तक देणं. आमच्या शाळेत ग्रंथपाल बाई होत्या तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं पण पुस्तक घेऊन जायची, दिवाळीनंतर आईबापाबरोबर कारखान्यावर जाताना दोन पुस्तकं पिशवीत टाकून न्यायची आणि उन्हाळ्यात परत आणून द्यायची. बाई रिटायर झाल्या, जागा भरली नाही, कपाटाला कुलूप आहे.

आणि तोच या कोर्सचा अडथळा. ग्रंथपालाचं पद पटावर मिळतं, मोठी शाळा असेल तरच पूर्णवेळ, आणि आमच्याकडं खेड्यातल्या शाळांचा पट दरवर्षी घसरायलाय, पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत नाहीतर लातूरला. क्लार्कच्या दहा जागा निघाल्या तर ग्रंथपालाची एखादी, असा माझा अंदाज नाही तर अनुभव आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयात या सर्टिफिकेटवर काम मिळतं, पण तिथं अनुदानातून जे हातात पडतं त्यावर घर चालत नाही. म्हणून माझं मत असं की प्रमाणपत्र कोर्स करा जरूर, पण तेवढ्यावरच सगळं अवलंबून ठेवू नका. बीए पूर्ण झालं की बीलिब करा, मग कॉलेजची लायब्ररी, मोठ्या शहरातल्या खाजगी शाळा असे रस्ते उघडतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेडला जायची तयारी असेल तर लायब्ररी, गाव सोडायचं नसेल तर टायपिंग.

विशेष मुलांचा कोर्स

सगळ्यात जास्त फसवणूक इथं आहे आणि सगळ्यात जास्त गरज पण इथंच आहे, म्हणून जरा नीट वाचा.

दिव्यांग मुलांसोबत शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेलाच कोर्स लागतो. 1992 च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. बारावीनंतर विशेष डीएड आहे, दोन वर्षाचं, कॉलेजला जाऊन करायचं, आणि पास झाल्यावर परिषदेत नाव नोंदवून सीआरआर नंबर घ्यायचा. तो नंबर नसेल तर कोर्सचा काहीही उपयोग नाही. नंबर दर पाच वर्षांनी रिन्यू करावा लागतो आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षणं करावी लागतात. मुलांची काळजी घेणाऱ्या मदतनीसासाठी केअरगिव्हरचा पण आरसीआयचा छोटा कोर्स आहे, डीएडपेक्षा बराच कमी वेळाचा.

आता जागांचं बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आली, सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये सांगितलं की प्राथमिकला दर 10 विशेष मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे आणि वरच्या वर्गांना दर 15 मागं एक, आणि आपल्या राज्यात 2024 मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या केंद्रावर, 4,860 विशेष शिक्षकांची पदं मंजूर झाली. त्यात वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांना आधी सामावून घ्यायचं ठरलं, ते रास्तच आहे, त्या लोकांनी खूप सोसलंय. पण दिशा दिसती, हे काम वाढणार आहे.

फसवणूक कुठं होती तर तीन महिन्याचा ऑनलाइन स्पेशल एज्युकेटर डिप्लोमा, त्याला आरसीआयची मान्यता नाही, आणि एजंट सांगतो शाळेत हमखास लागून जाल. भाचेसुनेला पण असाच एकजण भेटला होता. तिला म्हणलं, त्याला सीआरआर नंबर मिळतो का एवढंच विचार. तिनं विचारलं, त्यानं विषय बदलला.

आणि हे काम मनापासून असेल तरच घ्या. मतिमंद पोराला सू आली हे सांगता येत नाही, ऑटिझम असलेलं पोरगं घंटी वाजली की कान झाकून बेंचखाली बसतं, अशा लेकरासोबत दिवसभर राहायचं म्हणजे धीर लागतो. ज्याला तो आहे त्यानं दोन वर्षं घालावीत, जाण्यायेण्याची सोय असेल तर. भाचेसुनेला सध्या ती नाही.

बाकीचं थोडक्यात

लॅब असिस्टंटला वेगळा कोर्स नाही, दहावीला विज्ञान पाहिजे, पण जागा निघाली की बीएस्सी झालेली पोरं लाईन लावतात, त्यामुळं बारावी आर्ट्सवाल्यानं त्यावर वेळ घालवू नये.

शिपायाचं तर विचारूच नका, वाईट वाटतं. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळेत रिकामी झालेली शिपायाची जागा पहिल्यासारखी भरत नाहीत, त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता, ग्रामीण भागात महिन्याला 5,000. जिथं 15,000 पासून पगार सुरू होत होता तिथं पाच हजारात माणूस घंटी पण देतो, पाणी पण भरतो, संडास पण धुतो. पोषण आहार शिजवणाऱ्या बायांना तर त्याहून कमी, आणि तेही वर्षातले 10 महिनेच.

इंग्रजी शाळेच्या बसवर मदतनीस बाई लागते, 2011 च्या स्कूलबस नियमात आहे ते. तिला कोर्स लागत नाही, पोलीस पडताळणी लागते, 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला त्यानंतर ती सगळ्याच शाळा कर्मचाऱ्यांची बघतात आणि बघायलाच पाहिजे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं बसली होती, बारावीला महिन्याला 6,000, आयटीआय डिप्लोमाला 8,000, पदवीला 10,000. अनुभव म्हणून चांगलं, पण ती नोकरी नाही, त्यावर पुढं कायम होऊ असं कुणी धरून बसू नये.

एक रस्ता मात्र लोक विसरतात, अंगणवाडी. 2023 पासून सेविका आणि मदतनीस दोघींना बारावी लागते, वय 18 ते 35, विधवा असेल तर 40 पर्यंत, आणि अट अशी की त्याच गावची रहिवासी पाहिजे. सुनेसाठी ही अट फायद्याची आहे, बाहेरची स्पर्धाच नाही. निवड गुणांवर होते, पदवीला गुण आहेत, एमएससीआयटीला पण आहेत. प्रशिक्षण निवड झाल्यावर सरकारच देतं. मानधन आहे, पगार नाही, हे लक्षात ठेवून करा.

पैसे मागितले तर

संस्थेत लावतो म्हणून पंधरा-वीस लाख मागणारे आमच्या भागात नवीन नाहीत, शेत विकून दिलेले लोक मला माहीत आहेत. 2025 मध्ये नागपूरला बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, त्यात आपल्याकडच्या लोकांनी शिकण्यासारखं हे आहे की पगार चालू झाला म्हणजे नोकरी पक्की झाली असं नसतं. मान्यतेचा आदेश, त्याचा जावक क्रमांक, रोस्टरची प्रत, जाहिरातीचं कात्रण, हे चार कागद स्वतःच्या हातात घेतल्याशिवाय रुजू होऊ नका. जावक क्रमांक कार्यालयाच्या रजिस्टरला आहे का ते माहितीच्या अधिकारात विचारता येतं, त्याचा अर्ज मी स्वतः लिहून देतो कुणी आलं तर.

भाचेसुनेचं ठरलं ते असं. आधी मराठी 30, सोबत एमएससीआयटी, कारण क्लार्कला पण लागतं आणि गावात अंगणवाडीची जागा निघाली तर तिथं पण गुण मिळतात. बीए झालं की बीलिबचा फॉर्म. सकाळी साडेसातच्या एसटीनं जाती, लेकरं सासू बघती. परवा फोन केला तर म्हणाली, मामा, स्पीड अठरावर आलाय पण स्टेटमेंटच्या रेघा अजून वाकड्या येतात. रविवारी ये म्हणलं, शाळेचं जुनं पगारपत्रक देतो, त्याच्यावरून आख.