जॉन ब्रायनचा 'मीनिंगलेस': काही महिने ऐकून झाल्यावर

जॉन ब्रायनचं नाव माहीत नसलं तरी त्याचं काम कानावरून गेलेलं असतं. 'मॅग्नोलिया', 'पंच-ड्रंक लव्ह', 'इटर्नल सनशाइन' या चित्रपटांचं पार्श्वसंगीत त्याचं. निर्माता म्हणून एमी मान, फिओना ॲपल या गायिकांचे अल्बम आणि थेट रॅपर कान्ये वेस्टचा 'लेट रजिस्ट्रेशन'. रॅपर मॅक मिलर गेल्यावर त्याचा अर्धवट राहिलेला 'सर्कल्स' पूर्ण केला तोही यानेच. एवढ्या पसाऱ्यात स्वतः गायलेल्या गाण्यांचा अल्बम मात्र एकच, २००१चा 'मीनिंगलेस'. मोठ्या कंपनीने तो काढलाच नाही. मग त्याने स्वतःच काढला आणि लेबलचं नाव ठेवलं 'स्ट्रेट टू कट-आउट'. न खपलेल्या रेकॉर्डच्या ढिगात थेट रवानगी! २०२२मध्ये तो व्हिनाइलवर आणि स्ट्रीमिंगवर आला, तेव्हा कुठे सहज मिळू लागला.

सुरुवातीला कामं करता करता ऐकला तेव्हा 'बीटल्सच्या वळणाचं नीटनेटकं पॉप' एवढंच मत झालं. आवाजही जेमतेम वाटला. किंचित नाकातला, सौम्य, थांबून ऐकावा असा नाही. हीच गाणी फिओनाने गायली असती तर, हा विचार बरेच दिवस पाठ सोडत नव्हता.

मत बदललं ते चांगले हेडफोन लावल्यावर. लॉस एंजेलिसच्या 'लार्गो' क्लबमध्ये ब्रायन वर्षानुवर्षं शुक्रवारी एकट्याने कार्यक्रम करायचा. आधी ड्रम वाजवून त्याचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा) फिरता ठेवायचा, त्यावर पियानो, मग गिटार, आणि मग गाणं. ते डोक्यात ठेवून ऐकलं की इथलेही थर सुटे होऊ लागतात. 'आय बिलीव्ह शीज लाइंग' हे एमी मानसोबत लिहिलेलं गाणं घ्या. ड्रम जीव घेऊन पळताहेत आणि चाल वरून निवांत चालली आहे. फोनच्या स्पीकरवर याचा निव्वळ खडखडाट होतो, त्यामुळे तसं ऐकून मत बनवू नका.

सगळ्यात जास्त टिकलं ते 'रुइन माय डे'. दिवस बिघडवणाऱ्या माणसाबद्दलचं गाणं. चालीत ते दुखणं पुरेपूर उतरलं आहे. दुसऱ्यांच्या गाण्यांत सूर नेमका कुठे दुखवायचा हे इतकी वर्षं करून शिकलेला माणूसच असं बांधू शकतो. 'हर घोस्ट'ही हळूहळू चढलं. 'वॉकिंग थ्रू वॉल्स' पहिल्या आठवड्यात फार आवडलं होतं, आता तितकं नाही.

त्रास एकच, पण खरा आहे. बहुतेक गाणी सोडून गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या माणसाबद्दल. सलग अकरा ऐकली की उत्तरार्धात जीव उबतो. मी आता दोन बैठकांत ऐकतो. शेवटी चीप ट्रिक या रॉक बँडचं १९७९चं 'व्हॉइसेस' येतं. छान केलंय, तक्रार नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी सजवणाऱ्याने स्वतःच्या एकुलत्या अल्बमची शेवटची जागाही दुसऱ्याच्या गाण्याला द्यावी? तिथे त्याचंच एखादं हवं होतं.

फक्त त्याचं चित्रपटसंगीत आवडत असेल तर आधी 'रुइन माय डे' ऐका. ते नाही भावलं तर व्हिनाइलवर पैसे घालू नका.