जवळीक की स्वतःचं बळ?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की नाटो या लष्करी आघाडीतल्या छोट्या देशांना परराष्ट्र धोरणाची घडी नव्याने बसवावी लागते. पोलंडने जवळिकीची वाट धरली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचे तेव्हाचे अध्यक्ष दुदा व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांच्या शेजारी उभे राहिले आणि आपल्या देशात कायमचा अमेरिकी लष्करी तळ मागताना त्यांनी त्याला ‘फोर्ट ट्रम्प’ हे नावही सुचवलं. दोन वर्षांनी ट्रम्प हरले. त्या नावाचा तळ काही झाला नाही. रशियाच्या कालिनिनग्राद प्रांताला सीमा भिडलेल्या देशाची ही धडपड मला समजते, पण एका माणसावर एवढी भिस्त ठेवणं धोक्याचंच.

डेन्मार्कचा अनुभव वेगळा. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या अखत्यारीतलं ग्रीनलँड बेट विकायला नकार मिळाला म्हणून ट्रम्प यांनी तिथला दौराच रद्द केला. ते पुन्हा निवडून आल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, डेन्मार्कने ग्रीनलँड ज्यात येतं त्या आर्क्टिकच्या संरक्षणासाठी १४.६ अब्ज क्रोनर (डॅनिश चलन) जाहीर केले: तीन नवी जहाजं, लांब पल्ल्याचे ड्रोन. जहाजं बांधायला वर्षं लागतात, तोवर अमेरिकेचा आधार सुटत नाही. तरी मला स्वतःच्या बळाची हीच वाट पटते. पोलंडही आता संरक्षणावर जीडीपीच्या ४ टक्क्यांहून जास्त खर्च करतो.