एका स्क्रूपायी आठ महिने: .३१५ रायफलीवर भोक न पाडता बसणारा दुर्बिणीचा माउंट

परवा रेंजवर तिसरी गोळी कागदावर सापडलीच नाही. अंतर अवघं पन्नास मीटर. बंदुकीवरची दुर्बीण धरून हलवली तर बोटाखाली टिक् असं वाजलं. आठ महिन्यांत ही तिसरी खेप. काडतुसं काय फुकट मिळतात की काय? म्हणून आज भाताची कामं बाजूला ठेवून, दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या या माउंटबद्दल लिहायला बसलोय.

बंदूक बाबांची. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात गावी आले, तेव्हा पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५. नाव स्पोर्टिंग रायफल, पण आतला सांगाडा फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीचाच, हे ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको. .३०३ ही फौजेची गोळी सामान्यांना बंद, म्हणून जुन्या ८ मिमी मॅनलिशर काडतुसाच्या घराण्यातली ही सोय इंग्रजांच्या काळापासून चालत आलीय. आता परवाना वारसाने माझ्या नावावर आहे. शिवारात डुकरं येतात, गवेही येतात. गव्याच्या वाटेला जायचंच नाही, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. बंदूक बहुतेक कपाटातच असते, अधूनमधून रेंजवर नेतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मागची खाच, पुढची माशी आणि निशाण ही तिन्ही एकदम दिसत नाहीत. माशी स्पष्ट दिसली तर निशाण म्हणजे नुसता ढग. म्हणून दुर्बीण.

बंदूकसाज म्हणाला, चार भोकं पाडू, टॅप मारून आटे पाडू, कायमचं काम होईल. त्याचं तसं चूक नाही. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज बंदूक कंपनीने ली-एनफिल्ड नंबर ४ रायफलींच्या डाव्या अंगाला पॅड बसवून त्यावर तीन पटीची नंबर ३२ दुर्बीण चढवली, ती स्क्रू मारूनच. पण ते सरकारी काम होतं, आणि ही बाबांची बंदूक. एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. नळीवर मागच्या साइटच्या जागी बसणारा माउंट मला पटला होता, पण त्याला डोळ्यापासून वीतभर लांब चालणारी वेगळी दुर्बीण लागते, आणि माझ्याकडची ४ पटीची चांगली दुर्बीण मी विकणार नव्हतो. मग उरला चार्जर ब्रिजला दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन बसणारा. १९०७ च्या ली-एनफिल्ड मार्क ३ पासून जो पूल पाच गोळ्यांची क्लिप धरायला आहे, त्याच्याच जिवावर हा उभा राहतो. मागवला.

बसवायला वीस मिनिटं लागली. रंग छान, मापात बसला. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

आता त्या स्क्रूबद्दल. चिमटा आवळणारा स्क्रू एकच, आणि तो इंची. खोक्यात अ‍ॅलन की नाही. घरच्या सेटमधली ३ मिमीची षटकोनी किल्ली आत भोवऱ्यासारखी फिरते, ४ ची जातच नाही. बेळगावच्या खडेबाजारात तीन दुकानं पालथी घातली. एकाने ३.५ ची दिली, ती गेली आणि पहिल्याच जोरात षटकोनाच्या कडा गोल करून बाहेर आली. नंतर मोजलं तर माप ९/६४ इंच, म्हणजे ३.५७ मिमी. सात शतांशासाठी मी तीन रविवार घालवले. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘स्टँडर्ड की चालेल’. कुणाचं स्टँडर्ड, ते नाही सांगितलं. शेवटी ३८० रुपये मोजून कुरिअरने मागवली.

एवढं करून आवळलं, तरी दर दहा-बारा गोळ्यांनी सैल. लोक म्हणतील, जरासं हललं तर काय बिघडलं? हिशेब करा. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांत दहा सेंटीमीटर अंतर, आणि एक टोक ०.१ मिमी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढं सरकलं, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटीमीटर सरकते. कागदाच्या जाडीपायी अर्धी वीत नेम चुकला!

‘काढा-घाला, झिरो कायम’, म्हणजे दुर्बीण काढून परत चढवली तरी नेम तोच राहतो, हे माउंटवाल्याचं म्हणणंही खरं नाही. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करताना दुर्बीण उतरवून घरी ठेवली होती. परत चढवली तर सगळं उजवीकडे. फौजेतसुद्धा रायफलीच्या दस्त्यावर तिच्याच नंबर ३२ दुर्बिणीचा नंबर असायचा, एकीची दुसरीला चालत नसे. मग या माउंटवाल्याने कशाच्या जोरावर छापलं?

इथवर लिहून दोन तारे देणार होतो. मग लिखाण आठवडाभर तसंच पडलं, आणि मत थोडं बदललं.

झालं असं, की बंदूक घरी ठेवून नुसता माउंट घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने आधी एम४ चा, म्हणजे ४ मिमीचा स्क्रू लावून पाहिला, दोन आटे गेले आणि अडला. गेज लावून म्हणाला, "काका, हे ८-३२ आहे, इंचातलं. आटे पण झिजलेत बघा." मी म्हटलं, मग टाकून द्यायचा काय? तो हसला. "आग्तैत्री, कूड्री." म्हणजे कानडीत, होतंय हो, बसा. एम५ च्या टॅपला ४.२ चं भोक लागतं, आणि त्या झिजलेल्या भोकाचं माप जवळपास तेवढंच होतं. ड्रिल नुसतं फिरवून आलं. टॅप मारला, समोरच्या जबड्यातलं भोक ५.५ केलं, हाय टेन्साइल स्क्रू घातला. अ‍ॅल्युमिनियमचा चुरा फुंकून माउंट माझ्या हातात दिला. चाळीस रुपये, वर चहा त्यानेच पाजला.

घरी पेट्रोलने आटे पुसले, स्क्रू सैल होऊ नये म्हणून निळ्या लॉकटाइट गोंदाचा एक थेंब सोडला, दिवसभर सुकू दिलं. त्यानंतर अठरा गोळ्या झाडल्या. स्क्रूवर मारलेली पांढरी रेघ जागची हललेली नाही, आणि पन्नास मीटरवर तीन-तीन गोळ्या आगपेटीएवढ्या जागेत. आणि आता स्क्रूला लागते साधी ४ ची की, घरच्या सेटमधली!

क्लिपने गोळ्या भरता येत नाहीत, अशी माझी पहिल्या महिन्यातली तक्रार होती. ती मागे घेतो. पाच गोळ्या एकदम भरून मी कुठल्या खंदकात बसणार आहे? एकेक घालतो, त्यामुळे कमीच उडतात. दस्ता मात्र खुल्या साइटसाठी घडवलेला, गाल टेकला तर डोळा दुर्बिणीच्या खाली राहतो. फौजेने त्यासाठी लाकडी गालपट्टी बसवली होती. मी घोंगड्याचा तुकडा चौपदरी करून सायकलच्या ट्यूबने बांधलाय. बायको म्हणते, बंदुकीला गळपट्टा बांधलाय की ओ.

तर साडेतीन तारे, त्यातला दीड उद्यमबागेचा. घ्यायचाच असेल तर आधी स्क्रूचं माप विचारा, ते सांगता येत नसेल तर पैसे देऊ नका. आणि ती ३८० रुपयांची ९/६४ ची की माझ्याकडे बिनकामाची पडून आहे. कुणाला लागत असेल तर कळवा. पोस्टाचा खर्च तुमचा.